हात धुण्याच्या वेळेतला कोर्स

"डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या," असं मी म्हटलं आणि थोड्याच वेळात माझ्या लॅपटॉपमधून घोरणं ऐकू यायला लागलं. एकाचं नाही, दोघातिघांचं.

मी मानसशास्त्र शिकलेली. सांगलीतल्या घरातून कराडकडच्या एका हॉस्पिटलातल्या रेसिडेंट डॉक्टरांना, म्हणजे एमबीबीएस होऊन सर्जरी शिकणाऱ्यांना, माइंडफुलनेस शिकवत होते. यात गूढ काही नाही. आत्ता आपल्या मनात आणि अंगात काय चाललंय ते वेळेत ओळखायचं, एवढंच. कोर्स ऑनलाइन; आठवड्यातून एकदा असं एकत्र, बाकी माझे ऑडिओ ऐकून सवडीनं करायचा. पण सवड कुणाला होती?

सर्जरीच्या हेडसरांनी फोन करून सुनावलंच. "मॅडम, झोपवायला आमच्याकडे भूलतज्ज्ञ आहेत." असा राग आला म्हणता! पण खोटं काय बोलले? ड्यूटीवरून उतरलेल्या पोरांना मी डोळे मिटायला सांगत होते.

त्याच आठवड्यात बिरुदेवचा फोन आला. दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट, माण तालुक्यातला. घरची मेंढरं, थोडी शेती. अपेंडिक्सचं ऑपरेशन करताना रक्त यायला लागलं आणि हा जागीच थिजला. हात थांबले, तोंडातून शब्द फुटेना. सरांनी त्याला बाजूला सारून सगळं निस्तरलं. पेशंट सुखरूप होता, पण याचा धीर सुटला होता. म्हणाला, सर्जरी सोडतोय. सरांनी महिनाभर थांबून बघायला सांगितलं होतं.

मी विचारलं, दिवसभरात तुला कुणीच हाक मारत नाही अशी वेळ कुठली?

"स्क्रबची, मॅडम. हात धुताना फोन हातात घेता येत न्हाई. तवा कुणी बोलवत बी न्हाई."

स्क्रब म्हणजे ऑपरेशनआधी कोपरापर्यंत हात घासून धुणं. ते टाळता येत नाही, उरकताही येत नाही. वा रे पठ्ठ्या! मी इतकी पुस्तकं पालथी घातली, पण हे मला सुचलं नसतं.

मी जुने ऑडिओ बाजूला ठेवले आणि नवे केले, छोटे. जाता-येता ऐकायचे आणि त्यात सांगितलेलं नळापाशी करायचं, उघड्या डोळ्यांनी, उभ्याने. पाणी गार लागतंय का? खांदे वर चढलेत का? भीती वाटतेय का? वाटत असेल तर मनात तिचं नाव घ्यायचं, तिला हाकलायचं नाही. हळूहळू बाकीची पोरंही करायला लागली. आपसात चेष्टा करायची, पण करायची.

महिना सरत आला तेव्हा हेडसरांचा फोन आला. मी काही बोलायच्या आत ते सांगायला लागले.

त्या सकाळी हर्नियाचं ऑपरेशन बिरुदेवकडे होतं. सर शेजारी उभे. मध्येच रक्त आलं. बिरुदेवनं तिथं बोट दाबून धरलं आणि शांतपणे म्हणाला, "सर, मला भीती वाटायला लागलीय. रक्त कुठनं येतंय ते दिसत न्हाई. तुमी हात लावा." सरांनी रक्तवाहिनी दाखवली. बांधली मात्र त्यानंच. उरलेलं ऑपरेशनही त्यानंच पुरं केलं.

"मॅडम, इतकी वर्षं शिकवतोय," सर म्हणाले, "टेबलापाशी भीती वाटतेय असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही माझ्या सरांना कधी सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं."

मला रडू आलं. लपवत नाही.

बिरुदेव सर्जरीतच आहे. मला त्याचं फार कौतुक वाटतं. थिजलेला माणूस उद्या पुन्हा त्याच टेबलापाशी उभा राहतो, याला छाती लागते. पण कौतुक सरांचंही. भीती वाटतेय हे वेळेत सांगणं कोर्समध्ये शिकवता येतं. ते ऐकल्यावर न ओरडता हात पुढे करणाऱ्या वरिष्ठांसाठी मात्र अजून कुणी कोर्स काढलेला नाही.