सासऱ्यांची नाव

मोडक्या वस्तूला नाही म्हणता न येणारा माझ्या सासऱ्यांसारखा माणूस साऱ्या खानदेशात दुसरा झाला नसेल. झाला असलाच, तर त्याच्या जावयाला माझा साष्टांग नमस्कार. ते कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर धुळ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरापुढचं अंगण म्हणजे गल्लीचा दवाखाना झालं. आजारी स्टोव्ह, मान टाकलेले पंखे, काड्या मोडलेल्या छत्र्या तिथे मुक्कामाला असत. गंमत म्हणजे वस्तू बरी झाली की त्यांचा तिच्यातला जीव उडायचा. एकदा शेजाऱ्यांचा रेडिओ त्यांनी आठवडाभर खपून बोलता केला. शेजारी कौतुकाने तिथेच गाणं लावून बसले, तर हे म्हणाले, "आता न्या बुवा घरी, डोकं उठतं."

पण स्टोव्ह आणि पंख्यांपायी जावयाची मान खाली जात नाही. माझी गेली ती नावेपायी. माझ्या लग्नाला वर्ष झालं असेल. जळगावला एका लग्नाला गेलेले सासरे जेवणाची पंगत सोडून शेजारच्या भंगारवाल्याच्या वाड्यात शिरले. तिथे फायबरची एक जुनी नाव उपडी पडली होती आणि तिच्याखाली कोंबड्या नांदत होत्या. लोखंड असतं तर वितळवलं असतं, पण हिचं करायचं काय, या चिंतेत तो भंगारवाला होता. सासऱ्यांनी त्याला चिंतामुक्त केलं. नाव ट्रकवर चढली, सासरे तिच्या शेजारी बसले आणि वरात धुळ्याकडे निघाली. पारोळ्याजवळ हवालदाराने ट्रक अडवून विचारलं, "काय आहे?"

"नाव."

"तुमचं नाव कोण विचारतंय? ट्रकात काय आहे ते सांगा."

"तेच सांगतोय, नाव!"

हा संवाद बराच वेळ चालला म्हणतात. ट्रकवाल्याने तो धुळ्यात सगळ्यांना सांगितला, आणि मी ज्या शाळेत शिकवत होतो त्या शाळेच्या शिक्षक-खोलीत तो माझ्याआधी पोहोचला.

पुढची दोन वर्षं अंगणात नाव आणि घरात तिची भुकटी. घासलेल्या फायबरची ती पांढरी भुकटी कपड्यांत शिरे, अंथरुणात शिरे, आणि अख्खं घर खाजवत बसे. नरडाण्याला पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्यातून ते रेझिन आणत. त्याच्या वासाने गल्लीतली मांजरंसुद्धा स्थलांतर करून गेली. नावेच्या भेगांवर काचतंतूंची जाळी पसरायची, वर रेझिन माखायचं, की ते वाळून दगड होतं. पण धुळ्याच्या उन्हाळ्यात ते नावेवर पोहोचण्याआधी मगातच दगड व्हायचं. अशा रीतीने सासूबाईंचे मग, वाट्या आणि एक चांगलं पातेलं कामी आलं. "हाई नाव नही, मन्ही सवत शे," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मी बाजारात निघालो की भाजीवाली विचारायची, "मास्तर, सासऱ्यांची नाव कुठवर आली?" मी सायकलला जोरात पायडल मारायचो.

कहर झाला तो माझ्या मेहुणीला बघायला पिंपळनेरची मंडळी आली त्या दिवशी. पाहुणे अंगणात आले, तर उपड्या नावेखालून फक्त दोन पाय बाहेर आलेले. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "मुलीचे वडील कुठे आहेत?" तेव्हा नावेखालूनच उत्तर आलं, "बसा, बसा! ओलं आहे तोवर एवढं लावतो आणि आलोच." आले ते डोक्यापासून पायांपर्यंत पांढरे. यजमानपणाच्या उत्साहात त्यांनी पोह्यांची बशी उचलून पाहुण्यांपुढे धरली. पाहुणे बशी घेऊ लागले, पण रेझिनने चिकटलेली ती सासऱ्यांच्या हातून सुटेना. दोघे व्याही होण्याआधीच रस्सीखेच खेळू लागले. मेहुणी आत रडत होती, माझी बायको भिंतीकडे तोंड करून उभी होती, आणि मी छताला वासे किती आहेत ते बघत होतो. त्या स्थळाचा निरोप काही आला नाही. पुढे मेहुणीचं चांगलं झालं, पण तेव्हा महिनाभर सासऱ्यांशी घरात कोणी धड बोललं नाही.

अखेर नाव तयार झाली. वरून पांढरी, खालून निळी, आणि आरशासारखी गुळगुळीत. आता ती पाण्यात कधी उतरवणार म्हणून गल्ली मागे लागली. सासरे म्हणत, "अजून रंगाचा एक हात राहिलाय." असे बरेच हात झाले. शेवटी गल्लीनेच टेम्पो ठरवला आणि एका रविवारी नावेसह सगळी वरात शिरपूरच्या अलीकडे तापीवर गेली. नारळ फुटला. नदीकाठच्या गावातल्या नावाड्याने नाव पाण्यात ढकलली, आणि ती अशी अलगद तरंगली की टाळ्या पडल्या. वल्हं घेऊन नावाडी म्हणाला, "या आबा, पहिला मान तुमचा."

सासऱ्यांनी नावेचा दोर हातात घट्ट धरला होता. एक पाय पुढे टाकला आणि मागे घेतला. पुन्हा टाकला, पुन्हा मागे. चेहरा त्या नावेइतका पांढरा. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की या माणसाला पाण्याची भीती वाटते. नाव नीट करायची एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. तिच्यात बसायची वेळ येईल, हे त्यांनी मनाशी येऊच दिलं नव्हतं. मागून कोणीतरी ओरडलं, "आबा, दोन वरीस नाव घासी आनि आते पानीले घाबरतस का?" सगळा काठ हसला. सासरे दोराकडे बघत राहिले. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला वाटलं, त्या बशीच्या दिवशी वाटली ती लाज काहीच नव्हती.

एवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. नऊवारीचा ओचा खोचला, चपला काढून काठावर ठेवल्या आणि हसणाऱ्यांकडे वळून म्हणाल्या, "त्यासनी नाव नीट करी. बसानं काम मन्हं शे." आणि चढल्या. आयुष्यात त्या कधी नावेत बसल्या नव्हत्या. दोन्ही हातांनी कड अशी धरली होती की बोटं पांढरी पडली. "चाल रे भो," त्या नावाड्याला म्हणाल्या. नाव मधल्या धारेपर्यंत गेली, वळली, परत आली. त्यांनी एकदाही खाली पाण्याकडे पाहिलं नाही. आता कोणीच हसत नव्हतं.

नाव सासऱ्यांनी तिथेच, त्या नावाड्याला देऊन टाकली. परतताना ते टेम्पोच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसले. नरडाणा गेलं, तरी मान वर नाही. सोनगीरचा किल्ला मागे पडू लागला तेव्हा बाहेर बघतच त्यांनी हळूच विचारलं, "नावमा पानी उनं का व?"

"थेंबभर बी नही," सासूबाई म्हणाल्या.

मग पुन्हा, आणखी हळू, "चालनी कशी?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. "पाळनानी गत," त्या म्हणाल्या. आणि त्या कोपऱ्यात वारा लागत नसतानाही सासऱ्यांनी उपरण्याने डोळे पुसले.