तोंड भिंतीकडे

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे, एकदा सांगितलं, एकाच माणसाला. पण त्याने ते माझ्याकडून घेतलंच नाही, तेव्हा न सांगितल्यातच जमा. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता आत ठेवायला जागा उरली नाही म्हणून.

सोपं आधी सांगतो. मी नेदरलँड्समध्ये, वाखनिंगनला संशोधक आहे. लाकडी पिंपात वर्षानुवर्षं ठेवलेल्या मद्याला लाकडाकडून काय मिळतं, रंग कसा चढतो, वास कसा बदलतो, हा माझा विषय. विषय दारूचा आणि घर पंचशील पाळणारं. नातेवाईक हसायचे, मीही हसायचो. प्रयोगशाळेत घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा, ही आमच्या कामाची रीतच आहे. घरात थेंब येत नसे. लग्नाआधी वैशालीने एकच अट घातली होती. तिचा मोठा भाऊ दारूने गेला. ती म्हणाली होती, "बाटली घरात आली, तर मी घरात नसेन." आवाज न चढवता म्हणाली होती. तिचं तसंच असतं.

मग एका प्रकल्पात फ्रान्समधल्या एका कुटुंबाशी संबंध आला. स्वतःचा द्राक्षमळा, स्वतःची भट्टी, स्वतःचं तळघर. पिढ्यान्‌पिढ्या कोन्याक, म्हणजे द्राक्षांची ब्रँडी, करतात. एका उन्हाळ्यात वैशाली आणि आमची लेक सुजाताही माझ्याबरोबर तिकडे आल्या. घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी तळघर दाखवलं. भिंती काजळी धरल्यासारख्या काळ्या, कारण हवेत उडालेल्या मद्यावर तिथे बुरशी जगते. पिंपातून दर वर्षी थोडं उडून जातं, त्याला ते लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. बाई म्हणाल्या, काचेत भरलं की देवदूतांचा हक्क संपला. मग ते मुरतही नाही आणि घटतही नाही. सुजाता कान देऊन ऐकत होती. मी बाईंच्या हातातल्या पेल्याकडे बघत होतो.

निघताना त्यांनी एक बाटली दिली. माझ्या जन्माच्या वर्षी त्यांच्या सासऱ्यांनी पिंपात भरलेलं मद्य. ते पिकेल तेव्हा आपण नसणार, हे सासऱ्यांना ठाऊक होतं म्हणे. वैशालीने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हणालो, कामाची वस्तू आहे गं, शोभेला राहील, लाखेचं सील आहे बघ. ती "बरं" म्हणाली. माझ्या शब्दावर म्हणाली.

सील मी उघडलं. का? कारण होतं. पण ते लिहिलं की त्याची सबब होईल, म्हणून लिहीत नाही. शुक्रवारी मी घरून काम करायचो. वैशाली उट्रेख्तच्या ऑफिसात, सुजाता फीट्सवरून, म्हणजे सायकलवरून, शाळेत. घर रिकामं. लाख तापवून पुन्हा जशीच्या तशी बसवायची, हे तर माझ्या हातचं काम. जर्दाळू, अक्रोड, जुन्या पेटीचं झाकण उघडल्यावर येतो तो वास... वर्षानुवर्षं मी हे शब्द अहवालांत लिहीत आलो होतो. आता मी थुंकत नव्हतो, एवढाच फरक.

तशात बाबा आले. माझे वडील, खडकीहून, उन्हाळा काढायला.

बाबांबद्दल सांगायलाच हवं. मी लहान असताना ते प्यायचे. हातभट्टीची. आई आम्हा भावांना घेऊन शेजारी लपायची. मग एका रविवारी विहारात सगळ्यांसमोर उभं राहून त्यांनी सांगितलं की आजपासून पाचवं शील नुसतं म्हणणार नाही, पाळणार. आणि पाळलं. पुन्हा कधी थेंब नाही. पुढे विहारातली वंदना तेच सांगू लागले. वस्तीतल्या बायका नवऱ्यांशी भांडताना बाबांचं नाव घ्यायच्या. त्यांच्याजवळ दुसरं काही साठलेलं नव्हतं. एवढं एकच होतं, आणि ते वर्षानुवर्षं मुरलेलं होतं.

त्यांचा पलंग मी माझ्या अभ्यासाच्या खोलीत टाकला. पुस्तकांच्या मांडणीत ती बाटली.

"काय रे हे?"

मी सांगितलं, एका कुटुंबाची स्वतःची भट्टी आहे, तिथलं.

"म्हणजे हातभट्टीच की!" बाबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "एवढं शिकलास आणि शेवटी माझ्याच गुत्त्यावर आलास होय!" मग उठून त्यांनी बाटली फिरवली, लेबल मागे. "तोंड भिंतीकडे असू दे हिचं. रात्रभर माझ्याकडे बघत बसेल."

रोज दुपारी ते ऱ्हाइनच्या बांधावर फिरायला जायचे. समोरून येणारे डच म्हातारे नमस्कार करायचे, बाबा प्रत्येकाला "जयभीम" म्हणायचे. काही म्हातारे तसंच उत्तर द्यायला शिकले होते. बाबा शुक्रवारीही जायचेच. आणि मी बाटली काढायचो, नंतर ठेवायचो — लेबल पुढे. सवयच ती, नमुन्याचं लेबल नेहमी दिसेल असं ठेवायचं. नंतर कधीतरी खोलीत गेलो की बाटलीचं तोंड पुन्हा भिंतीकडे असायचं.

कळतंय ना तुम्हाला? त्यांना ठाऊक होतं. प्यायलेल्या माणसाचा वास त्यांना कुणी शिकवायचा? पण एका शब्दाने विचारलं नाही. नुसती बाटली फिरवून ठेवायचे. मला वाटतं, ते वाट बघत होते. मी वाट बघायला लावली.

मग वैशालीने मांडणी पुसायला काढली. त्या संध्याकाळी जेवताना तिने सरळ विचारलं, "मिलिंद, ती बाटली अर्धी कशी झाली?"

"उडतं गं थोडं," मी म्हणालो. हसून म्हणालो. "देवदूतांचा वाटा, आठवतं ना?"

ती मान हलवणारच होती. या विषयातली पदवी माझी, तिने का शंका घ्यावी? तेवढ्यात सुजाता ताटातून मान वर न करता म्हणाली, "नो पप्पा, बाटलीत नाही उडत. दॅट ओल्ड लेडी सेड सो."

वैशालीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने बाबांकडे पाहिलं.

का पाहू नये? खोली त्यांची, भूतकाळ त्यांचा. दिवसभर घरी तेच. मी तिला दोष देत नाही. तिच्या नजरेत राग नव्हता अजून, नुसता प्रश्न होता. त्या प्रश्नाला "मी" एवढं एकच अक्षर पुरलं असतं. माझ्या जिभेवर ते आलंही होतं. आणि मला वैशालीची अट आठवली, सुजाता दिसली, रिकामं घर दिसलं. आणि मी म्हणालो —

"जाऊ दे गं. वय झालंय त्यांचं."

हेच ते. एवढंच. मी बाबांवर आरोप केला नाही. मी त्यांना माफ केलं. माझ्या गुन्ह्याबद्दल, त्यांच्या समोर, मोठ्या मनाने. आरोप केला असता तर ते नाही तरी म्हणू शकले असते. माफीला माणूस काय उत्तर देणार?

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन करायला जाणार नाही. मग वैशालीकडे वळून म्हणाले, "चुकलं माझं, पोरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रोजच्यासारखे मूर्तीसमोर बसले. मी दाराशी उभा होतो. पहिलं शील, दुसरं, तिसरं. मग थांबले. चौथं, खोटं न बोलण्याचं — ते त्यांनी म्हटलंच नाही. गाळलं. आणि पाचवं, दारूपासून दूर राहण्याचं, खणखणीत आवाजात म्हटलं. स्वयंपाकघरातून वैशाली पुटपुटली, "लाज तरी वाटायला हवी." तिला पाचवं ऐकू आलं. गाळलेलं चौथं फक्त मला ऐकू आलं. राहिले तेवढे दिवस त्यांनी ते गाळलं. राहिले थोडेच. तिकीट अलीकडचं करून घ्या, म्हणून ते स्वतःच म्हणाले.

बाटली वैशालीने सिंकमध्ये ओतली. घरभर जर्दाळूचा वास. मी खिडक्या उघडल्या.

तिने हे फोनवर बहिणीला सांगितलं. बहीण खडकीला लागूनच, दापोडीला राहते. बाबा विमानातून उतरायच्या आधी बातमी वस्तीत उतरली होती. विहारात विचारलं, तर बाबा म्हणाले, हो. त्यानंतर ते वंदना सांगायला पुढे बसले नाहीत. शेवटच्या रांगेत, चपलांजवळ बसायचे. धाकट्या भावाने मला हे कळवलं आणि वर विचारलं, "दादा, तू त्यांना थोडं समजावशील का?" मी म्हणालो, बघतो.

काय बघत होतो मी? किती वर्षं?

आता बाबांचं विसरणं वाढलंय. आई गेल्याचं विसरतात, धाकट्याला माझ्या नावाने हाक मारतात. गेल्या खेपेला मी खडकीला गेलो ते ठरवूनच. कॉटवर त्यांच्याशेजारी बसलो आणि सांगितलं. "बाबा, ती दारू मी प्यायलो होतो. तुम्ही नाही."

त्यांनी माझा हात थोपटला. "छे रे. तू कशाला पिशील? मीच ती. पोराच्या घरी जाऊन प्यायलो. येईल त्याला सांगतो मी, लपवत नाही." आणि थोड्या वेळाने, भलत्याच कुणाला सांगावं तसं, "माझा पोरगा फार चांगला आहे. एका शब्दाने बोलला नाही मला."

मला वाटलं, ते अजून मला झाकतायत. तसं असतं तर — तसंच असावं, असं मी रात्रभर मनात घोकत होतो.

सकाळी ते वंदनेला बसले. बाकी सगळं पुसलं गेलंय, पण शीलं पाठ आहेत. मी पलीकडच्या खोलीत, दार लोटलेलं. पहिलं, दुसरं, तिसरं. मग चौथं — तेही म्हटलं. स्पष्ट, न अडखळता.

आणि पाचव्यापाशी थांबले. मी वाट पाहिली. पुढे काही आलं नाही. गुडघ्यावर हात टेकून उठल्याचा आवाज आला, मग चपला.

वैशालीला अजून माहीत नाही.