अप्पांची केस

अप्पा आज पहाटे गेले. फोन करून सांगावं असं घरात आता कुणीच उरलं नाही.

माझे वडील. शिरूर अनंतपाळचे. जन्मभर एसटी चालवली. इंजिनच्या आवाजानं कान गेले, पण त्याची त्यांनी कधी तक्रार केली नाही.

तक्रार केली ती आई लकव्यानं पडल्यावर.

आईचा आवाज एकदम बारीक झाला होता. ती बोलायची, आणि अप्पा नुसते तिच्या ओठांकडं बघत बसायचे.

म्हणून लातूरला जाऊन कानाची मशीन घेतली. ती नुसती शिट्टी मारायची. दुकानदार दर वेळी एकच सांगायचा, "सवय होईल, काका." बदलून देईना.

अप्पांनी स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला, बिल जोडलं आणि ग्राहक आयोगात केस टाकली.

मी नांदेडहून आले. कानाशी तोंड नेऊन ओरडले, "अप्पा, वकील लावू ना!"

"वकील काय बोलायलाय ते मला ऐकू येणार हाय का माय? मीच बोलतो."

तारखांवर तारखा पडल्या. समोरचे वकील कधी यायचेच नाहीत. अप्पा मात्र प्रत्येक तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून हजर.

मधेच आई गेली.

मी म्हटलं, "आता कशाला जाता?"

ते पुढच्या तारखेला गेलेच. मीही सोबत गेले.

त्या दिवशी समोरचे वकील म्हणाले, मशीन चांगली आहे, आजोबांना वापरता येत नाही. आयोगाच्या मॅडमनी ते अप्पांना कागदावर लिहून दाखवलं.

अप्पा उठले. मशीन वकिलांपुढं ठेवली.

"तुमीच लावा साहेब. अन् सांगा काय ऐकू येतंय."

वकिलांनी ती लावली नाही.

मॅडमनी विचारलं ते मी अप्पांच्या कानात ओरडून सांगितलं: तुमचं म्हणणं काय?

"माझी बायको रोज मला कायतरी सांगायची. मला एक शब्द कळला न्हाई. आता ती न्हाई. मशीन खराब होती, एवढं तरी ह्यांनी म्हणावं."

निकाल आमच्या बाजूनं लागला. मशीन सदोष होती, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

बाहेर पायरीवर मी ओरडून सांगितलं, "अप्पा, जिंकलात!"

"हाव," म्हणाले. मग माझ्याकडं वळले.

"तुला तर ऐकू येत होतं. काय म्हणायची गं ती?"

येणारे जाणारे आमच्याकडं बघत होते. मला तेही ओरडूनच सांगावं लागलं.

"कधी पाणी मागायची, अप्पा. जास्त करून विचारायची, तुम्ही जेवलात का."

अप्पा पायरीवर बसले.

"जेवलो होतो की," म्हणाले. "रोज जेवलो होतो. सांगितलं असतं तिला."

नंतर नवी मशीन आली. चांगली चालायची. पण मी घरी आले की तेवढ्यापुरतीच लावायचे.

दुपारी शिरूरलाच आईशेजारी माती आहे. जमेल त्यांनी यावं.

या आता, अप्पा. तुमच्या लेकीचा शेवटचा नमस्कार.