टोपली भरेपर्यंत

माझा चमत्कारावर विश्वास नाही. आमच्या बौद्ध घरात अंगात येणं, कौल लावणं यांना दोन पिढ्यांपासून थारा नाही. मीही विहारात जातो तो वंदनेपुरता. तरीही त्या सकाळी माझं काय झालं हे मला आजवर कळलेलं नाही, म्हणूनच लिहायला बसलो आहे.

मी सावली तालुक्यात वायरमन आहे. अकरा वर्षं प्यायलो. खांबावर हात थरथरू लागले तेव्हा बायकोने मला चंद्रपूरला डॉक्टरांकडे नेलं आणि त्यांच्यासमोरच सांगितलं, की पुन्हा प्यालात तर पोरीला घेऊन वडशाला माहेरी जाईन, परत येणार नाही. ती बोलते ते करते. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, मेंदूत ओढीची एक जागा असते. वर्षानुवर्षं पिऊन ती इतकी सरावते की घोट पोटात जायच्या आधीच, नुसत्या वासाने जागी होते, आणि आवरणारा भाग मागे पडतो. मला ते लगेच समजलं. आम्ही लाइन बंद करून खांबावर चढतो आणि कुणाच्या तरी घरच्या इन्व्हर्टरमधून तारेत उलटा करंट येतो, तसंच हे. ओढ आली की तिला काही न देता तासभर काढा, ती ओसरते, असंही ते म्हणाले. तो तास काढायचा कसा, हे मात्र माझ्या डोक्यात शिरलं नाही.

पाच महिने निभावलं. मग मोह फुलला. गावभर अंगणांत फुलं वाळत पडली, तो गोड वास पार उशीत शिरायचा. मी पंचशील म्हणायचो, पण दारू न पिण्याचं पाचवं शील आलं की जीभ जड व्हायची. एके दिवशी उजाडता उजाडता उठलो आणि जंगलाची वाट धरली. नाल्याकाठी मोहाच्या दारूची भट्टी लागते हे मला पक्कं ठाऊक होतं. मी जातोय की कुणी मला नेतंय, तेच समजत नव्हतं. पाय तर माझेच होते.

वाटेत एका मोहाच्या झाडाखाली एक म्हातारी टोपली घेऊन एकटीच उभी. मोह वेचायला आमच्याकडे कुणी एकटं जात नाही. वाकलेला माणूस वाघाला जनावर वाटतो, म्हणून एकाने ताठ उभं राहून आवाज करत राहायचं असतं. ओळख ना पाळख, मला बघून ती म्हणाली, "बरं झालं आला बाबू. उभा राय इथी. टोपली भरेपर्यंत बोलत राय, चूप नोको बसू."

मी कामावर चाललोय म्हणालो. तिने ऐकलंच नाही, वाकून वेचू लागली. आता वाकलेल्या बाईला टाकून जायचं कसं? चडफडत उभा राहिलो.

बोलायचं तरी काय? पाठ होतं ते एकच. मोठ्याने वंदना सुरू केली, मग पंचशील. पाचव्यापाशी अडखळून गप्प झालो. ती मान वर न करता म्हणाली, "काऊन थांबला? वाघ आयकून राह्यला ना." मग पाचवंही म्हटलं. पुन्हा पहिल्यापासून. किती वेळा, कोण जाणे. घसा कोरडा पडला, अंगाला घाम सुटला, आणि नाल्याकडून भट्टीचा धूर दिसत होता. मध्येच हसूही आलं. ती वेचत होती तो मोह बहुतेक त्याच भट्टीत जाणार होता आणि मी त्याच्या राखणीला पंचशील म्हणत होतो!

टोपली भरली तेव्हा ऊन डोक्यावर येत होतं. ओढ कुठे गेली ते कळेना. म्हातारीने ओंजळभर फुलं माझ्या खिशात ओतली, "पोरीले भाजून दे" म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन गेली. मला पोरगी आहे हे तिला कुणी सांगितलं? माझ्या वयाच्या माणसाला पोरंबाळं असतातच म्हणा. तरी.

घरी पोचेपर्यंत खिशातली फुलं चेपून शर्ट ओला झाला होता. बायकोला दारातच वास आला. तिने पिशवी काढली आणि पोरीचे कपडे भरू लागली. मी शपथा घातल्या, पण तसल्या शपथा तिने ढिगाने ऐकल्या होत्या. शेवटी खिसा उलटा केला. फुलं जमिनीवर पडली. तिने जवळ येऊन माझं तोंड हुंगलं, मग तिथेच बसून रडली. मीही रडलो.

पुढे त्या म्हातारीला दोन-तीन गावांत शोधलं. कुणी म्हणे, कुणाची पाहुणी असेल. कुणी म्हणे, सोबतच्या बायका पुढे गेल्या असतील. डॉक्टर म्हणाले, बघा, काढलात ना तास. खरं असेल त्यांचं. पण तो मी काढला असं मला वाटत नाही, माझ्याकडून कुणीतरी काढून घेतला. विहारात हात जोडतो तेव्हा मन भरून येतं, आणि आभार नेमके कुणाचे मानतोय ते कळत नाही. ओढीशी लढणं मला जमलं नाही. उभा राहा म्हटल्यावर उभं राहणं तेवढं जमलं.

त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. बायकोने ती फुलं धुऊन तव्यावर भाजली. वास घरभर पसरला आणि डोक्यात तोच करंट पुन्हा आला. मी उठून ताठ उभा राहिलो आणि मोठ्याने पंचशील म्हणू लागलो. पोरीला खेळ वाटला, तीही शेजारी येऊन उभी राहिली. पाचव्यापाशी मी अडखळलो.

"बाबा," ती म्हणाली, "काऊन थांबले?"

मग मी पाचवंही म्हटलं.