रुबी पुढे जात नव्हती

डोंगरांवर अजून बर्फ होतं तेव्हा आमची कंपनी उत्तर काश्मीरमधल्या एका रस्त्यावर तैनात झाली. मी डॉग हँडलर होतो. माझ्याकडे रुबी नावाची काळी लॅब्राडोर कुत्री होती. तिचं काम स्फोटकं हुंगून शोधायचं. रोज उजाडलं की आमच्या वाट्याचा रस्ता आम्ही पायी तपासायचो आणि वायरलेसवर 'रोड क्लिअर' दिलं की मागून गाड्यांचा कॉन्व्हॉय सुटायचा. या पायी तुकडीला रोड ओपनिंग पार्टी म्हणतात. सगळ्यात पुढे कुत्रं, त्याच्यामागे हँडलर आणि त्याच्यामागे बाकीचे, असा क्रम असतो.

इकडे माझ्या गावी, देवळाली प्रवऱ्यात, कुणी विचारलं, फौजेत काय करायचास, आणि मी सांगितलं की कुत्रं सांभाळायचो, तर समोरचा हसतो. मला त्याचं काही वाटत नाही. आमच्या कंपनीत मात्र त्या कुत्र्यावर कुणी हसत नव्हतं.

रुबीचं नाक तेज होतं. मातीत पुरलेलं, डिझेलच्या डब्यात दडवलेलं, सगळं ती काढायची. पण तिला एक खोड होती. ती माझ्यापासून लांब जायची नाही. चार पावलं गेली की मागे वळून बघायची. मी दिसलो की आणखी चार पावलं, की पुन्हा मागे. रस्त्यावरच्या कामात ही खोड चालत नाही. कुत्रं माझ्या पायाशीच राहिलं तर त्याला वास येईपर्यंत मी त्या जागेवर पोचलेलो असणार आणि माझ्यामागची दहा माणसंही.

मेजर साहेबांनी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "ये रोड सर्च नहीं कर रही. तुम्हें सर्च कर रही है." मग शांतपणे ऑर्डर दिली. बर्फ वितळून मोठे कॉन्व्हॉय सुरू व्हायच्या आत रुबी पुढे जायला हवी, नाहीतर तिला अनफिट म्हणून डेपोत परत पाठवायचं. मी 'यस सर' म्हटलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

नाईक बलविंदर माझा जोडीदार. पंजाबचा, आडदांड आणि थट्टेखोर. रुबी माझ्या पायात घुटमळायला लागली की तो म्हणायचा, हिला मंगळसूत्र घालून टाक एकदाचं. पण कॅम्पमागच्या सफरचंदाच्या बागेत सराव घ्यायला रोज माझ्याबरोबर तोच यायचा.

मला सुचेल ते सगळं मी करून पाहिलं. लांब दोरी लावली. 'आगे' ही कमांड मोठ्याने दिली. जितकं ओरडावं तितकी ती जवळ यायची. माझा आवाज चढला म्हणजे आपलंच काही चुकलं, असं तिला वाटत असावं. सरावासाठी आम्ही लपवलेला स्फोटकाचा नमुना तिने शोधला की मी शाबासकी देऊन खिशातला रबरी बॉल तिच्या तोंडात द्यायचो. त्या बॉलवर तिचा जीव होता.

असाच एकदा बॉल देताना मला आमच्या घरचा काळू आठवला. आमचं रान उसाचं, कालव्याच्या कडेला. उसाच्या बांधावर घोणस हमखास निघायची. आई आणि शेजारच्या बाया सकाळी गवताला जायच्या, तेव्हा कुत्रं पुढे असलं तर बरं पडायचं. म्हणून आई काळूला घरी, दारात, कधी भाकर टाकायची नाही. वडील पहाटे उसाला पाणी द्यायला जायचे. काळूची चतकोर ते उपरण्यात बांधून न्यायचे आणि बांधाच्या पार टोकाला, बाभळीखालच्या दगडावर ठेवायचे. मागून बाया निघाल्या की काळू बांध धरून सरळ पुढे. मागे वळून बघायचं त्याला काही कारणच नव्हतं. त्याची भाकर पुढे होती.

रुबीची भाकर माझ्या खिशात होती. मग ती माझ्याकडे बघणार नाही तर काय करणार?

दुसऱ्या दिवसापासून मी खिसा रिकामा ठेवला. बॉल बलविंदरकडे दिला. तो लांबून वळसा घालून पुढे जायचा, नमुना पुरायचा आणि तिथेच झाडामागे दबून बसायचा. मी वारा समोरून घेऊन रुबीला सोडायचो आणि तोंड बंद ठेवायचो. सुरुवातीला ती मागे बघायची, तेव्हा मी मान फिरवून डोंगराकडे बघत राहायचो. हे मला फार जड गेलं. ती नमुन्याजवळ जाऊन बसली की झाडामागून बॉल येऊन तिच्या नाकासमोर पडायचा. रोज बलविंदर थोडा पुढे सरकायचा. चिखलात पोटावर पडून पडून त्याची वर्दी रोज धुवावी लागायची आणि त्याबद्दल तो मला रोज शिव्या द्यायचा.

एका सकाळी रुबी सुटली आणि बागेच्या पार टोकापर्यंत नाक खाली घालून गेली. एकदाही वळली नाही. बलविंदर झाडामागून उठून नाचला. मला आनंद झाला, आणि त्याच वेळी तिने एकदा तरी वळायला हवं होतं, असंही वाटलं. फोनवर आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. पर तिची भाकर चुकवू नकोस. एकदा का दगड रिकामा दिसला, तर जनावर परत इस्वास ठेवत न्हाई."

मी ते कधी चुकवलं नाही. रस्त्यावर खरी ड्युटी सुरू झाली तेव्हा बॉल पुन्हा माझ्याकडे आला, पण हातातून दिला नाही. रुबी जिथे बसेल तिथे, तिच्यापुढे टाकायचा. मेजर साहेबांनी डेपोचा विषय पुन्हा काढला नाही. त्या उन्हाळ्यात रुबीने दोन ठिकाणी पुरलेली स्फोटकं काढली.

सफरचंद उतरवायला सुरुवात झाली होती, तेव्हाची गोष्ट. सकाळ स्वच्छ होती. मागून येणाऱ्या कॉन्व्हॉयमध्ये सुट्टीवर निघालेली पोरं होती. रस्ता एका नाल्याजवळ वळतो, तिथे मोरी आहे. रुबी बरीच पुढे होती. मोरीच्या कडेला खडीचा ढीग होता. ती त्याच्याभोवती फिरली, थांबली आणि बसली.

मी मूठ वर केली. मागचे सगळे जागच्या जागी खाली बसले. बलविंदरने वायरलेस घेतला.

"अल्फा फॉर कंट्रोल. डॉग बैठ गया. कॉन्व्हॉय रोको. ओव्हर."

"रॉजर. कॉन्व्हॉय होल्ड. ओव्हर."

ठिकाण कळलं की कुत्र्याला मागे घ्यायचं, पुढचं काम स्फोटकं निकामी करणाऱ्या इंजिनिअर्सचं. ती इतकी लांब होती की बॉल तिथवर पोचला नसता, म्हणून मी शीळ घातली. रुबीचा एक कान माझ्याकडे वळला. ती उठली नाही. तिची नजर समोर, जमिनीवर होती. ती बॉलची वाट बघत होती. मी दुसऱ्यांदा शीळ घातली. ती उठली, माझ्याकडे वळली, आणि स्फोट झाला.

स्फोटकाची तार नाल्यात नेलेली होती, हे नंतर कळलं. तिथे दडलेला, बटण दाबणारा, आम्ही माणसं जवळ यायची वाट बघत होता. कुत्रीने जागा दाखवली हे बघून त्याने बटण दाबलं आणि पळाला. आमच्या अंगावर माती आली, बाकी काही नाही. मी पुढे धावणार होतो. बलविंदरने माझा पट्टा धरून मला खाली दाबलं आणि कानाशी म्हणाला, "नहीं, भाई. अभी नहीं." त्याचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

इंजिनिअर्सनी पूर्ण रस्ता तपासून मोकळा करेपर्यंत दुपार झाली. मग मी तिच्याजवळ गेलो. कॅम्पमध्ये तिला तिरंग्यात गुंडाळून सलामी दिली. बॉल तिच्यासोबतच पुरावा, असं कुणीतरी म्हणालं. मी नाही म्हटलं, कारण माझ्याकडे तो नव्हता. तो मी मोरीवरच ठेवून आलो होतो, ती बसली होती तिथे. तिने काम केलं होतं आणि तिची वस्तू तिला मिळायची राहिली होती.

तिला पुढे जायला शिकवलं याचा मला पस्तावा नाही. ती पायाशी असती तर आज हे लिहायला मी नसतो. कॉन्व्हॉयमधली पोरं दुसऱ्या दिवशी घरी गेली. पण मला ती आठवते, आणि आठवते तेव्हा रडू येतं, हेही खरं.

आता मी उसात असतो. गेल्या महिन्यात शेजारच्या वस्तीवरचे रशीदभाई त्यांची कारवानी कुत्री घेऊन आले. त्यांचा मका रानडुकरं खातात, आणि ही उंचपुरी शिकारी जातीची कुत्री त्यांच्या पायातून हलत नाही. "फौजी, पळायला लई चपळ हाय," ते म्हणाले, "पर पुढं म्हनून जात न्हाई." मी विचारलं, भाकर कुठे देता? ते म्हणाले, हातानंच, लेकरासारखी.

मी त्यांना काळूची रीत सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कुत्रीच्या मानेवर हात फिरवला आणि विचारलं, "लांब गेली म्हंजे माघारी यील ना?"

तुम्ही सोडा, मी बघतो, एवढंच म्हणालो. तिची चतकोर घेतली आणि बांधाने पार टोकापर्यंत चालत गेलो. बाभळ आता नाही, दगड आहे. त्यावर भाकर ठेवली आणि शीळ घातली.

कुत्री निघाली. अर्ध्यावर थांबून तिने मागे पाहिलं, रशीदभाईंनी मी सांगितल्याप्रमाणे मान फिरवली, आणि मग ती सरळ आली. ती खात होती तोवर मी तिच्याजवळ उभा राहिलो. रुबीपाशी पोचायला मला दुपार झाली होती. इथे मी आधीच येऊन थांबलो होतो.