ओटी भरून पाठवलेली

प्रशिक्षणाची ही माझी सहावी तुकडी, आणि खरं सांगायचं तर पहिल्याच दिवशी मला घरी जाऊन झोपावंसं वाटत होतं. पाथर्डीच्या बाजूचं एक गाव, अंगणवाडीची खोली, भिंतीवर फळांची चित्रं आणि सतरंजीवर माझे विद्यार्थी: गावची अंगणवाडी सेविका, एक आशाताई, एक महिला हवालदार आणि एक निवृत्त मुख्याध्यापक. ज्या घरांत मारहाण होते, त्या घरांना गटात बसवून काम कसं करायचं, हे मी त्यांना शिकवत होते. आधी काही आठवडे पुरुष वेगळे बसतात, बायका वेगळ्या. मग चार-पाच कुटुंबं एकाच रिंगणात. त्यातही दर वेळी प्रत्येक बाईला आधी आतल्या खोलीत एकटीला विचारायचं, आज बोलायचंय का, घरी गेल्यावर भीती आहे का. ती नको म्हणाली तर तिला रिंगणात आणायचं नाही.

सांगायला हे सोपं आहे. पण आपल्याकडे प्रत्येकाच्या अंगात एक पंच बसलेला असतो. मुख्याध्यापक दर बैठकीनंतर मला विचारायचे, "म्हणजे मिटलं ना?" मी म्हणायचे, सर, आपण मिटवायला बसलेलो नाही, मारणं थांबवायला बसलोय. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की आता माझ्याच कानाला ते शिळं लागतं. सर मान डोलवायचे आणि पुढच्या वेळी तेच विचारायचे.

सगळ्यांत तयार निघाली ती अंगणवाडी सेविका. गावात लहानथोर तिला ताई म्हणतात. ती बाईला आत घेऊन जायची, प्रश्न विचारायची आणि मग गप्प बसायची. हे गप्प बसणं मला शिकायला दहा वर्षं लागली होती. तिचा मला अभिमान वाटायचा, आणि थोडा हेवाही.

गटात एक पंचविशीतली बाई होती. मनगट मोडल्यावर ती या गावात भावाकडे येऊन राहिली होती. प्लास्टर निघून महिना झाला तरी चहाचा कप डाव्या हातानंच उचलायची. नवरा शेजारच्या गावचा. पुरुषांच्या बैठकींना अगदी शहाण्यासारखा यायचा, आणि बोलायला गोड. दसरा झाला की त्या घरची माणसं ऊसतोडीला जायची. फडात नवराबायको मिळून एक कोयता समजतात, त्यामुळे तो तिला न्यायला टपलेलाच होता. ती गेली की सहा महिने शेताकडेच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, तिथे ना भाऊ, ना ताई, ना हवालदार.

सगळी कुटुंबं पहिल्यांदा एकत्र बसली त्या बुधवारी आतल्या खोलीत ती मला आणि ताईला म्हणाली, "आज मी सांगनार हाय. उसाला मी जानार न्हाई. त्याच्या घरीबी न्हाई. समद्यांच्या म्होरं सांगते, म्हंजी मागनं कुनी म्हनायला नको." तिला भीती वाटतेय का, तेही विचारलं. म्हणाली, वाटतीय, पर सांगते. भावाला दाराबाहेर बसवलं, हवालदार आत होतीच.

तिच्या सासूनं गुडघेदुखी काढली आणि ती काही संपेना. मग मुख्याध्यापकांनी संसार म्हणजे काय ते सांगितलं. खरं तर त्यांना मी अडवायला हवं होतं. पण दिवसभर बोलून माझा घसा बसला होता, आणि नगरला जाणारी पाचची एसटी चुकली की पुढची सातला. मी घड्याळ बघितलं आणि तिला म्हणाले, "पुढच्या बुधवारी तुमच्यापासूनच सुरुवात करू." तिनं तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

सगळे उठले तेव्हा ताईनं कपाटातून ताट काढलं. हळदीकुंकू, तांदूळ, नारळ, खण. पाच बायका आपल्या दारात आल्या, त्यांना रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, एवढंच तिच्या मनात होतं. तिनं माझ्याकडे ताट दिलं आणि मी ते धरलं. एकेकीचा पदर पुढे आला. तिचाही आला, कारण भरलेल्या ताटाला कोण नाही म्हणतं? ताईनं तिच्या ओटीत तांदूळ घातले, नारळ ठेवला. तशी सासू गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "माहेरात ओटी भरली. चला आता घरला."

ती आमच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, ती दमलीय. मी एसटी पकडली.

घरी पोचायच्या आधी, पाचच्या गाडीतच मला कळलं की आपण काय केलं. सासरी निघालेल्या लेकीची ओटी भरतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझीही भरली होती. दुसऱ्याला शिकवताना मला सगळं दिसतं, ताट हातात आल्यावर काही दिसलं नाही. खिडकीला डोकं टेकलं आणि स्वतःचा संताप संताप झाला.

ताईला फोन केला. तिला उमगलेलंच होतं. ती रडत होती. बाई सासूमागोमाग नवऱ्याच्या गावी गेली होती, भावालाही वाटलं होतं की सगळं ठरलंय. दोन दिवसांनी ताई, हवालदार आणि नवऱ्याच्या गावची आशाताई लोहाच्या गोळ्या द्यायचं निमित्त काढून गेल्या. नळावर तिला एकटीला गाठलं. ती ताईला म्हणाली, "तुमीच ओटी भरली. म्याडमनी ताट धरलं. मला वाटलं, तुमचं समद्यांचं ठरलंय. मंग मी कुनापाशी बोलू?"

ताईनं मला हे फोनवर जसंच्या तसं सांगितलं. मग ताईनं तिला विचारलं होतं, आता काय करायचंय. लगेच निघायचं असेल तर हवालदारांबरोबर निघ. ती म्हणाली, "न्हाई. बुधवारी येते. जिथं ऱ्हायलं तिथंच सांगते."

बुधवारी हवालदारच तिला घ्यायला गेली, म्हणून नवरा आणि सासूही मुकाट आले. मी त्या दिवशी घड्याळ घरीच ठेवलं होतं. ती आत आली, बसायच्या आधी पिशवीतून नारळ काढला आणि रिंगणाच्या मधोमध सतरंजीवर ठेवला. फोडला नव्हता. मग डाव्या हातानं उजवं मनगट धरून तिनं आपलं वाक्य म्हटलं, आठवडाभर जपून ठेवलेलं. उसाला न्हाई, घरीबी न्हाई. नवऱ्यानं गोड बोलायला सुरुवात केली, तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "थांबा. तिचं व्हायचंय अजून." एवढ्या महिन्यांत सरांकडून मला मिळालेलं तेवढंच, पण मिळालं.

बैठक संपायला साडेपाच झाले. नवरा आणि सासू आधी निघून गेले, हवालदार त्यांना रस्त्यापर्यंत सोडून आली. ती भावाबरोबर निघाली. ताई दारात उभी, हातात तो परत आलेला नारळ. सवय कुठे जाते? तिनं माझ्याकडे बघून अगदी हळू विचारलं, "म्याडम, मंग हिला रिकामीच धाडायची का?"

मी काही बोलायच्या आत भावाबरोबर निघालेली तीच मागे वळली.

"व्हय ताई," ती म्हणाली, "आज रिकामीच जाऊ द्या."