वसंता आणि न उघडणाऱ्या फायली

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यात चीफ इंजिनिअरसमोर बसलो होतो. फोन त्यांनाच आला. तो ठेवून ते माझ्याकडे बघत म्हणाले, "वसंतराव गेले वो... आता त्या फायली कोण उघडणार?" सांगलीत डिप्लोमाला माझ्याच बाकावर बसणारा मित्र गेला होता, आणि माझ्या मनात आधी उठला तो हेवा. मी समोर बसलोय, तेच काम करतोय, आणि हे विचारतात कोण उघडणार!

आमचं काम यंत्रांची थरथर मोजण्याचं. टर्बाइनला, गिअरबॉक्सला मीटर लावायचा आणि त्या थरथरीतले कमीजास्त वेगाचे हेलकावे वेगळे काढून बघायचे, म्हणजे कुठला भाग बिघडतोय ते कळतं. पण प्रत्येक मीटरची फाईल त्याच कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये उघडते. इथल्या कारखान्यांतले जुने मीटर बनवणारी कंपनी कधीच बंद पडली, आणि तिचा प्रोग्रॅम चालणारा कॉम्प्युटर उरला फक्त माधवनगरला, वसंताच्या पुढच्या खोलीत. यंदाची थरथर जुन्या हंगामांशी ताडायची तर जुनी फाईल आधी साध्या तक्त्यात बदलून हवी. माझं साताऱ्याचं ऑफिस, नवं कोरं मशीन, छापील कार्ड, सगळं होतं. लोक मात्र पेनड्राइव्ह घेऊन त्याच्याकडे जायचे. तो चहा पाजायचा, फाईल करून द्यायचा आणि वर सांगायचा, "आमच्या रम्याला दाखवा, त्याचं मशीन लय भारी हाय." रम्या म्हणजे मी. ते ऐकून माझं डोकंच फिरायचं. घरी बायकोसुद्धा वसंतभावजींच्या स्वभावाचं कौतुक मलाच ऐकवायची.

एकदा तो चुकला, आणि चांगलाच चुकला. त्या जुन्या फायलींत आकडे मिनिटाला किती हेलकावे असे असतात. त्यानं फाईल बदलताना ते सेकंदाचे म्हणून घेतले. झालं, शाफ्टची साधी थरथर साठपट वेगाची होऊन गिअरच्या दातांचा बिघाड म्हणून दिसली आणि हंगाम तोंडावर असताना कारखान्यानं गिअरबॉक्स उघडला. आत काहीच नव्हतं. आता याचं दुकान बंद, असं मला वाटलं... खरं सांगायचं तर बरं वाटलं. वसंता तिथं जाऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "मिनिटाचं सेकंद केलं बघा मी. बेअक्कल माणूस." मग बाह्या सारून फिटर लोकांबरोबर बसला, त्यांच्या डब्यातली भाकरी खाल्ली आणि गिअरबॉक्स बंद होईपर्यंत हलला नाही. त्याच वर्षी बॉयलर पेटवायच्या पूजेला जोडप्यानं बसायचा मान कारखान्यानं वसंता आणि वहिनींना दिला. मी टाळ्या वाजवणाऱ्यांत होतो. मी चुकलो असतो तर मला गेटवरून आत घेतलं नसतं, आणि याला पाटावर बसवलं!

तेराव्यानंतर वहिनींनी बोलावलं. म्हणाल्या, "भावजी, हा कॉम्प्युटर तुमीच घेऊन जावा. दुसऱ्या कुणाला त्यातलं कळायचं न्हाई." मी त्याच्या खुर्चीत बसलो. सीट त्याच्या बसण्यानं एका बाजूला दबलेली होती, मला काही नीट बसता येईना. कॉम्प्युटर सुरू केला तर पडद्याच्या काळ्या चौकटीवर लाल नेलपॉलिशनं लिहिलेलं, ‘मिनिट!’ त्या चुकीनंतर त्यांनी माझीच बाटली पळवली, असं सांगता सांगता वहिनी हसल्या आणि मग डोळे पुसत आत गेल्या.

आता तो कॉम्प्युटर साताऱ्याला माझ्या टेबलावर आहे. पेनड्राइव्ह माझ्याकडे येतात. परवा चीफ इंजिनिअरांचा फोन आला, तक्ता अगदी बरोबर आलाय. मी खूश होणार तोच म्हणाले, "वसंतरावांनीच करून दिल्यागत वाटतंय." मी फोन ठेवला आणि चिडून बायकोकडून नेलपॉलिश पुसायचं औषध आणि कापूस मागून घेतला. चौकटीजवळ हात नेला... तेवढ्यात लक्षात आलं की पुढची फाईल अर्धवट उघडी आहे आणि आकडे मिनिटाचे की सेकंदाचे, हे प्रोग्रॅम विचारतोय. उत्तर मला पाठ आहे. तरी बटण दाबायच्या आधी माझी नजर त्या लाल अक्षरांवर गेलीच. कापूस तसाच टेबलावर वाळून गेला. मेला तरी आधी त्यालाच विचारावं लागतं.